नदीचं रक्त झालं, तो धडा कसा घ्यावा

मृगाचे दोन पाऊस झाले की आमच्या खानापुरात मलप्रभा लाल होते. पुलावरून वाकून बघितलं तर गेरू कालवल्यासारखं पाणी, त्यात वाहून आलेल्या फांद्या, एखादी चप्पल. वर कणकुंबीपासून सगळी तांबडी माती, ती धुऊन खाली येते. त्यामुळे बायबलातल्या निर्गम या पुस्तकाचा सातवा अध्याय उघडून मी "मिसरातल्या नदीचं रक्त झालं" म्हटलं की पोरं लगेच म्हणतात, "त्यात काय टीचर, आपल्या नदीचं दरसाल होतंय की!"

हे ऐकून गडबडू नका. धडा तिथूनच चांगला सुरू होतो. गोष्ट थोडक्यात अशी: मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा फारो इब्री लोकांना (इस्राएलांना) गुलामीतून सोडत नाही, म्हणून देव मोशेच्या हातून त्याच्यावर दहा पीडा आणतो. नाईल नदीचं रक्त होणं ही पहिली.

मी मराठी शाळेतून निवृत्त झालेली बाई. रविवारी संडे स्कूल घेते, बुधवारी संध्याकाळी बायकांची घरसभा. पाळकसाहेब परगावी असले की मंडळीपुढे एखादं मनन करते, तेवढाच माझा अधिकार. हा धडा आजवर सात-आठदा घेतला असेन, आणि पहिल्यांदा घेतला तो पार फसला. तेव्हा मी काचेच्या ग्लासात पाणी ठेवलं होतं आणि पदराआड कोकमाच्या आगळाची बाटली. मोशेची काठी म्हणून शाळेतली छडी टेबलावर आपटली, आगळ ओतलं, पाणी लालभडक. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "साखर घाला की टीचर." पुढचा अर्धा तास सरबतात गेला. घरी आईबापांनी काय शिकलात म्हणून विचारलं तर पोरांनी तेच सांगितलं. तेव्हा आधीच सांगून ठेवते, जादू करून दाखवू नका. जादू फारोच्या मांत्रिकांनीही करून दाखवली होती, त्याच अध्यायात.

आधी मागे जा

सातव्या अध्यायापासून वाचायला घेतलं की ही गोष्ट नुसती चमत्काराची होते. तयारी करताना पेन्सिल घ्या आणि चार ठिकाणी खूण करा (आधी अध्याय, मग वचन): १:२२, २:३, ५:२ आणि मग ७:१४ ते २५. आमच्याकडे निम्मी मुलं कन्नड माध्यमात जातात. त्यांच्या हातात कन्नड शास्त्र, म्हणजे बायबल, असेल तर 'निर्गम' शोधत बसू देऊ नका, त्यात या पुस्तकाचं नाव 'विमोचनकांड' आहे. मराठीत बाहेर पडणं, कन्नडात सुटका. मला कन्नड नाव जास्त आवडतं, पण हे मंडळीत मोठ्याने बोलायची सोय नाही.

पहिल्या खुणेपाशी थांबा. फारोने आधी शिप्रा आणि पुवा या सुइणींना सांगितलं होतं, इब्री बाईला मुलगा झाला तर तिथंच मारा. त्यांनी ऐकलं नाही. मग त्याने सगळ्या प्रजेलाच हुकूम सोडला: मुलगा जन्मला की नदीत टाका, मुलगी असली तर राहू द्या. नदी हीच. दुसऱ्या खुणेपाशी मोशेची आई लव्हाळ्याच्या पेटाऱ्याला डांबर आणि राळ लावते आणि तो याच नदीच्या काठाला ठेवते. तिचं बाळ वाचलं. बाकीच्या बाळांना पेटारा नव्हता.

इथे बायकांच्या सभेत मी जरा वेळ काही बोलत नाही. बोलायची गरज पडत नाही.

तिसरी खूण फारोच्या प्रश्नाची. हा परमेश्वर कोण लागून गेला, की मी त्याचं ऐकावं? चौथ्या खुणेत, सतराव्या वचनात, त्याचं उत्तर आहे: मी परमेश्वर आहे हे तुला यावरून कळेल. प्रश्न आणि उत्तर यांत दोन अध्यायांचं अंतर आहे, म्हणून ते ऐकणाऱ्याच्या हाताला लागत नाही. ही दोन वचनं एका मुलीला आणि एका मुलाला पाठोपाठ वाचायला लावा.

आता या पीडेचा अर्थ मी काय सांगते ते सांगते. फारोने नदीच्या पोटात जे लपवलं, ते देवाने वर आणून सगळ्यांना दाखवलं. बाळं बुडवली त्या दिवशी पाण्याचा रंग बदलला नव्हता. दुसऱ्या दिवशी लोक घागरी घेऊन आलेच असतील, भरून गेलेच असतील. ऐंशी वर्षांनी (सातव्या अध्यायात मोशेचं वय तेवढं दिलंय) तीच नदी साक्षीला उभी राहिली. निर्गमात हे इतक्या उघड शब्दांत लिहिलेलं नाही, आणि ते तसं नाही हे ऐकणाऱ्यांना सांगून टाका, नाहीतर कुणीतरी वचन विचारतं आणि आपली फजिती होते. पण बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या सोळाव्या अध्यायात, नद्या-झऱ्यांचं रक्त होतं तेव्हा पाण्याचा देवदूत नेमकं हेच कारण देतो: यांनी रक्त सांडलं, म्हणून यांना रक्त प्यायला दिलंस. शास्त्राचा हिशेब असाच चालतो.

ती नदी आपल्यासारखी नव्हे

आपल्याला पाऊस डोक्यावर पडताना दिसतो आणि मग नदी चढते. मिसरात पाऊस जवळजवळ नाहीच. तिथली नाईल ऐन उन्हाळ्यात, कोरड्या आभाळाखाली चढायची, कारण तिचा पाऊस पडायचा दूर इथिओपियाच्या डोंगरांत. साधारण जुलै ते सप्टेंबर पाणी पसरायचं, ओसरताना काळा गाळ ठेवून जायचं आणि त्यात पीक उभं राहायचं. मिसरी लोक आपल्या देशालाच 'केमेट' म्हणत, म्हणजे काळी जमीन. हे आमच्या लोकांना फोडून सांगावं लागत नाही. आमची खानापूरची तांबडी आणि बैलहोंगलची काळी यांतला फरक इथलं शेंबडं पोरही जाणतं. (१९७० साली आस्वानचं मोठं धरण पुरं झालं, तेव्हापासून तो पूर तिथल्या शेतांत येत नाही. आपली मलप्रभा सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला अडवली आहे, तसंच.)

या पुराला मिसरी लोक हापी नावाचा देव मानत. पोट सुटलेला आणि बाईसारखे स्तन असलेला पुरुष, अशी त्याची चित्रं आहेत. पोसणारा, पाजणारा. काठी पडली ती या देवावर, असं पुष्कळ प्रवचनकार सांगतात. खोटं नाही ते. मिसरच्या सर्व देवांना मी शासन करीन, असं निर्गम १२:१२ मध्ये आहेच. पण हे सांगताना दारात कोण बसलंय ते बघा.

आमच्या बुधवारच्या सभेला शेजारची एक बाई येऊन उंबऱ्याशी बसायची. ख्रिस्ती नव्हे. गाणी आवडतात म्हणून यायची. एकदा बाहेरून आलेल्या एका वक्त्याने याच अध्यायावर बोलताना म्हटलं, "नदीला देव मानणाऱ्यांचं असं होतं." त्याच महिन्यात तिने मलप्रभेची ओटी भरली होती. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. ती काही बोलली नाही. उठली, चपला हातात घेतल्या आणि गेली. नंतर कित्येक महिने आली नाही, आणि मला तिच्या दारात जायला तोंड नव्हतं.

तेव्हापासून मी यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:३ वाचून घेते. तिथे फारो हा नदीत पसरलेला मोठा मगर आहे आणि तो म्हणतो, ही नदी माझी, मीच ती केली. ओटी भरणारी बाई असं कधी म्हणत नाही. ती तर हात जोडून पुढच्या वर्षीही ये म्हणते. 'नदी माझी' म्हणणारे वेगळे असतात, त्यांच्याकडे पंप असतात.

रक्त खरं की रंगाचं

हा प्रश्न येणारच. मोठ्या मुलांना मी लपवाछपवी न करता सांगते की ग्रेटा हॉर्ट नावाच्या अभ्यासक बाईंनी १९५७ साली या पीडांची निसर्गातली कारणं मांडली होती. त्यांच्या मते नाईलला नेहमीपेक्षा मोठा पूर आला, डोंगरांतली लाल माती आणि तांबडे सूक्ष्म जीव खाली आले, पाण्यातला प्राणवायू संपला आणि मासे मेले. पटलं तर घ्या, न पटलं तर ठेवा.

मग ती मुलं सुरुवातीला जे म्हणाली होती ना, ते बाहेर काढायचं. "लाल पाणी आलं की आपल्या नदीत मासे मरतात का रे?" एकजात उत्तर येतं, "नाही टीचर, चढणीचे मासे मिळतात!" मृगाच्या त्या लाल पाण्यात मासे उलटे वर चढतात आणि अर्धं गाव जाळी, टोपल्या, जुनी लुगडी घेऊन ओढ्यावर असतं. आता एकविसावं वचन वाचा. मासे मेले, नदीला घाण सुटली, पाणी पिववेना. आपलं लाल आणि ते लाल यांतला फरक मुलांनीच शोधलेला असतो, तुम्ही फक्त वचन दाखवायचं. पुढे विचारा, मग मासे मरतात कधी? कारखान्याचं पाणी सोडतात तेव्हा. तो वास त्यांना ठाऊक असतो. कारखान्याचं नाव तुम्ही घेऊ नका. मुलं घेतात.

आणखी एक जागा दाखवण्यासारखी आहे, २ राजे ३:२२. मवाबी लोकांना भल्या सकाळी ऊन पडल्यावर समोरचं पाणी रक्तासारखं लाल दिसलं, चाल करून आलेले शत्रूचे राजे आपसांत कापाकापी करून मेले असं समजून ते लुटायला धावले आणि मार खाऊन परतले. म्हणजे 'रक्तासारखं' म्हणायचं असेल तर शास्त्राला तो शब्द येतो. निर्गमच्या सातव्या अध्यायात 'सारखं' नाही. मी इथवर आणून सोडते. प्रयोगशाळेचा रिपोर्ट माझ्याकडे नाही, आणि मोशेकडेही कुणी तो मागितला नव्हता.

झिरा

माझ्या मते या धड्याचा जीव चोविसाव्या वचनात आहे, आणि प्रवचनात तेच नेमकं गळतं. नदीचं पाणी पिववेना म्हणून मिसरी लोकांनी नदीच्या आसपास खणलं.

उन्हाळ्यात धडा घेत असाल तर मुलांना घेऊन नदीवर जा. पावसाळ्यात एका बुट्टीत वाळू आणि तळाला पाणी घेऊन भागवावं लागतं, पण त्यात मजा नाही. माझ्या आईच्या गावी एप्रिल-मेमध्ये नदी आटली की वाळूत झिरा काढायचे. मी लहानपणी तिच्याबरोबर बसलेय. आधी दोन्ही हातांनी वाळू उकरायची. मनगटापर्यंत कोरडी, मग गार लागते, मग कोपर जाईल इतक्या खोलीवर खड्ड्याच्या तळाला पाणी जमतं. ते प्यायचं नाही. गढूळ असतं, करवंटीने उपसून बाहेर टाकायचं. पुन्हा जमतं, पुन्हा टाकायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी तळातून निवळ पाणी येतं, वाळूचे कण त्यात नाचताना दिसतात. तेवढ्यात कड ढासळते आणि पहिल्यापासून सुरुवात. करवंटीने घेतलेलं पाणी फडक्यातून गाळत घागरीत ओतायचं. घागर भरायला तास-तास लागायचा. आईच्या नखांत वाळू बसलेली असायची, रात्री भाकरी थापताना ती टोचायची.

हे मुलांकडून करून घ्या. वाटीभर पाणी निघेपर्यंत उठू देऊ नका. हात चिखलाने भरलेले असतानाच तेविसावं वचन वाचा: फारो पाठ फिरवून आपल्या घरी गेला आणि त्याने हेदेखील मनावर घेतलं नाही.

मग एकच प्रश्न. फारोच्या घरात त्या दिवशी पाणी कुठून आलं?

आमच्या सभेत एक आजी होत्या, अक्षरओळख नाही, वचनं पाठ. त्यांना मी हा प्रश्न विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "त्येला काय हुतंय बाई, भरून आणायला बायका हैत की." एवढ्या वर्षांत यापेक्षा नेमकं उत्तर मला ऐकायला मिळालेलं नाही. २०१९च्या ऑगस्टात पुराने जिल्हा वेढला तेव्हा चहूकडे पाणी आणि घरात प्यायला थेंब नाही अशी गत ज्यांची झाली होती, त्या बायकांना हे वचन समजावून सांगावं लागत नाही. हुकूम एकाचा, खड्डे खणायचे दुसऱ्यांनी. इथे मिसरी बायकांबद्दल कुणी हळहळलं तर अडवू नका.

मांत्रिकांना फार वेळ देऊ नका. त्यांनीही पाण्याचं रक्त करून दाखवलं. देश पाण्यावाचून तडफडतोय आणि हे आणखी रक्त करताहेत! असलेलं रक्त परत पाणी करून दाखवलं असतं तर मानलं असतं. मुलांना हसू येतं, हसू द्या. तिसऱ्या पीडेला त्यांचे हात टेकले आणि 'हे देवाचं बोट आहे' असं त्यांनीच फारोला सांगितलं, हे मात्र सांगा.

काठी कुणी मारली

एकोणिसावं वचन नीट बघा. देव मोशेला म्हणतो, अहरोनाला (मोशेच्या भावाला) सांग. का? यहुदी रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, यावर फार सुंदर सांगून ठेवलंय. बाळपणी ज्या नदीने मोशेला सांभाळलं, तिच्यावर त्याने स्वतः हात उचलायचा नाही. आपण म्हणतो ना, खाल्ल्या मिठाला जागावं. मोशे राहिल्या पाण्याला जागला. (पुढे १७:५ मध्ये देव मोशेला 'ज्या काठीने तू नदीला मारलंस' असं म्हणतो. कुणी तिकडे बोट दाखवलं तर चिडू नका. हुकूम आणि जबाबदारी मोशेचीच होती.)

याच जोडीला कोकणच्या बेने इस्राएल लोकांचं सांगते. मराठी बोलणारे यहुदी आहेत म्हटलं की आमची मुलं डोळे मोठे करतात. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाच्या, रात्री वाचायचा त्यांचा ग्रंथ, हग्गादा, १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापला होता. त्या रात्री यहुदी लोक दहा पीडांची नावं घेतात आणि प्रत्येक नावाला प्याल्यातून द्राक्षारसाचा एक थेंब बाहेर काढतात. पहिलं नाव 'दाम', म्हणजे रक्त. कारण असं सांगतात की सुटका आपली झाली, पण दुसऱ्यांचे हाल झाले, म्हणून आपला प्याला तेवढा कमी. आणि शेजारी मुसलमान घर असेल तर त्यांनाही ही गोष्ट परकी नाही. कुराणात सातव्या सुऱ्यात, १३३व्या आयतीत, पूर, टोळ, उवा, बेडूक यांच्या ओळीत रक्त आहे. आमच्या गल्लीतल्या एका चाचींनी मला हे सांगितलं, तेही वाटाणे सोलता सोलता.

नव्या करारात जायचं तर एकच वाट धरा. तासाभरात प्रकटीकरण, स्तोत्र ७८, स्तोत्र १०५ असं सगळं कोंबायला गेलं की हाती काही राहत नाही. मी योहानाचा दुसरा अध्याय घेते. निर्गम ७:१९ मध्ये लाकडी आणि दगडी भांड्यांतल्या पाण्याचंसुद्धा रक्त होतं. काना गावच्या लग्नात सहा दगडी रांजण आहेत. मोशेची मिसरातली पहिली पीडा पाण्याचं रक्त, येशूचं पहिलं चिन्ह पाण्याचा द्राक्षारस. दोन्ही ठिकाणी पाणी भरणारी माणसं नोकर, आणि योहान मुद्दाम लिहितो की द्राक्षारस कुठून आला हे कारभाऱ्याला ठाऊक नव्हतं, पाणी काढणाऱ्या नोकरांना ठाऊक होतं. इथे झिऱ्याची आठवण करून द्या आणि पुढे चला.

एका प्रश्नाची तयारी करून जा, कारण मी न करता गेले होते. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, मग मोशेच्या माणसांनी ते सात दिवस काय प्यायलं?" मी घाईत सांगून टाकलं, देवाने त्यांचं पाणी चांगलं ठेवलं असेल. घरी येऊन वाचलं. इब्री लोक राहायचे तो गोशेन प्रांत वेगळा राखीन, असं देव पहिल्यांदा म्हणतो ते गोमाशांच्या वेळी, चौथ्या पीडेत, ८:२२ ला. रक्ताच्या वेळी तसं काही नाही. जोसेफस हा जुना यहुदी इतिहासकार लिहितो की इब्र्यांना तेच पाणी गोड लागत होतं, पण ते जोसेफस लिहितो. निर्गम गप्प आहे. पुढच्या रविवारी मी वर्गात उभी राहून माझं उत्तर मागे घेतलं. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे त्यांनीपण खणलं असणार." मी म्हटलं, असेल. तिने वहीत लिहून घेतलं, असेल.

त्या दिवशी बेडकांचा धडा होता. त्याला काही तयारी लागत नाही, जूनमध्ये ते आपणहून वर्गात येतात.